बैलगाडीमागचा काजवा

डोळ्यांपुढे काजवे चमकणे हा वाक्प्रचार वाक्यात योजून दाखवा, असा प्रश्न आम्ही आजवर किती विद्यार्थ्यांना घातला असेल, याची गणती नाही. मराठीच्या अध्यापकाचा काजव्याशी संबंध येतो तो एवढाच. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आपल्याला स्वतःच्या हाताने एक काजवा बांधावा लागेल, आणि तो बांधताना आपल्याच डोळ्यांपुढे काजवे चमकतील, असे भाकीत कोणा ज्योतिष्याने केले असते तर आम्ही त्यास दक्षिणा दिली नसती. परंतु तसे घडले खरे. ती हकीकत वाचकांपुढे मांडावी असे वाटते, कारण तीत थोडे विज्ञान आहे, थोडी फजिती आहे आणि थोडा कबुलीजबाबही आहे.

बुऱ्हाणपुराहून धारणीकडे, म्हणजे मेळघाटाकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत देडतलाई लागते. मध्य प्रदेशाचा हा शेवटचा टापू. पलीकडे महाराष्ट्र. कोरकू, निमाडी, हिंदी आणि मराठी अशा चार भाषा येथील आठवड्याच्या बाजारात एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. रस्त्यावरून मालमोटारी वेगाने धावतात आणि त्याच रस्त्यावरून बैलगाड्याही आपल्या संथ लयीत चालतात. दिवसा हे दोघे एकमेकांना सांभाळून घेतात. अडचण येते ती तिन्हीसांजेनंतर.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात अशीच एक गाडी चारा भरून घराकडे परतत होती. अंधार नुकताच पडला होता. समोरून येणाऱ्या एका वाहनाच्या झोताने मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाचे डोळे दिपले, आणि पुढची गाडी त्याला दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. एक बैल जागीच गेला. गाडीवानाचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे गेलो तेव्हा मोडलेल्या गाडीच्या मागच्या फळीवर चमकणारी लाल पट्टी, जिला आपल्याकडे सारे लोक ‘रेडियम’ म्हणतात, ती शाबूत होती. ती होती, पण मागे लोंबणाऱ्या चाऱ्याने झाकली गेली होती. शिवाय या पट्टीला स्वतःचा उजेड नसतो. दुसऱ्याच्या दिव्याचा प्रकाश तिच्यावर पडेल तेव्हाच ती चमकते. दुसऱ्याच्या उजेडावर विसंबून राहणाऱ्याची जी गत होते तीच तिची झाली.

त्या गाडीवानाची मुलगी आमच्या शाळेत आठवीत शिकते. अपघातानंतर तीन आठवडे ती शाळेत आली नाही. घरचे पाणी, उरलेल्या बैलाचे चारापाणी, वडिलांचे दवाखान्याचे फेरे, सारे तिच्याकडे आले होते. ती पुन्हा आली तेव्हा वर्गात आम्ही विज्ञानाचा ‘विद्युत’ हा पाठ घेत होतो.

येथे आमच्या कबुलीजबाबास प्रारंभ होतो. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षिका बदलून गेल्या आणि त्यांच्या जागी दुसरे कोणी येईपर्यंत तो विषय प्रधानपाठक या नात्याने आम्ही स्वतःकडे घेतला होता. आम्ही मराठीचे एम.ए. वीज या विषयाशी आमचा परिचय बिल भरण्यापुरता. तेव्हा आम्ही अध्यापकांचा जो जुना राजमार्ग आहे तोच धरला. व्याख्या सांगावयाची, मुलांनी ती वहीत उतरवावयाची, आणि आकृती फळ्यावरून कागदावर न्यावयाची. वर्ग शांत असे. शांत वर्ग म्हणजे उत्तम अध्यापन, असा समज करून घेण्याइतकी आमची नोकरी जुनी झालेली होती.

त्या दिवशी ती मुलगी उभी राहिली. “सर, सेलवर चालणारा, उघडझाप करणारा लाल दिवा करता येतो का?”

“येतो की,” आम्ही म्हणालो.

“तुम्ही केलाय?”

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यावयाचे होते. परंतु सारा वर्ग आमच्याकडे पाहू लागला, आणि वाक्प्रचारातले ते काजवे आमच्या डोळ्यांपुढे प्रत्यक्ष चमकले. “नाही,” असे आम्हांला म्हणावे लागले.

त्या रात्री झोप लागली नाही. लागली नाही याचे कारण केवळ फजिती हे नव्हते. आमचे बालपण इटारसीस गेले. वडील रेल्वेत होते. इटारसी तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात. आज त्या जिल्ह्याला नर्मदापुरम् म्हणतात. त्या जिल्ह्यात १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी १६ माध्यमिक शाळांमधून विज्ञान शिकविण्याचा एक वेगळाच उपक्रम सुरू केला. १९७८ साली तो जिल्ह्यातील सर्व शासकीय माध्यमिक शाळांत पोहोचला, आणि १९८२ साली ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन होऊन तिने तो पुढे चालविला. आम्ही १९८१ ते १९८४ या काळात सहावी ते आठवीत होतो, म्हणजे त्या उपक्रमाच्या ऐन भरात. चार-चार मुलांची टोळी, प्रत्येक टोळीपुढे प्रयोगाचे साहित्य, आणि ‘बाल वैज्ञानिक’ नावाचे असे पुस्तक की ज्यात उत्तरे नव्हती, केवळ प्रश्न होते. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा असे. शंका आली तर ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक गृहस्थास पत्र लिहावयाचे, आणि त्याचे उत्तर येई. टाटांच्या पुण्यातील मोटार कारखान्यात नोकरीस असलेले अरविंद गुप्ता हे अभियंते १९७८ साली याच उपक्रमात काही काळ येऊन राहिले, आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्याच्या आयुकातील ‘मुक्तांगण विज्ञान शोधिके’त त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंची खेळणी घडविली, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच.

२००२ साली राज्य शासनाने तो उपक्रम थांबविला. त्यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली, ती येथे नको. आमचे म्हणणे एवढेच की, निकामी सेल फोडून आतली कोळशाची कांडी स्वतःच्या हाताने बाहेर काढलेला मुलगा मोठेपणी अध्यापक झाला, आणि त्याने सेलची व्याख्या मुलांना वहीत लिहून घ्यावयास लावली. उपक्रम शासनाने २००२ साली थांबविला. आमच्यापुरता तो आम्ही त्याहून पुष्कळ आधी थांबविला होता.

असो. पुढच्या रविवारी आम्ही बुऱ्हाणपुरास गेलो आणि रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात बसून सारे समजावून घेतले. दुकानदार सज्जन होता. त्याने कागदावर आकृती काढून दिली आणि साहित्यही दिले. वाचकांपैकी कोणाला घरी मुलांसह हा दिवा करावासा वाटला तर उपयोगी पडावे, म्हणून ते येथे सांगतो.

बीसी ५४७ या जातीचे दोन ट्रान्झिस्टर. दोन लाल एलईडी. ४७० ओहमचे दोन रोधक; त्यांच्या अंगावर पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे असतात. १० हजार ओहमचे दोन रोधक; त्यांचे पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी. ४७ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, आणि चार पेन्सिल सेल बसतील अशी डबी, म्हणजे एकंदर ६ व्होल्ट. याखेरीज वायरचे तुकडे, एक जाड पुठ्ठा आणि डाग देण्याचे सामान.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. त्याची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून अनुक्रमे कलेक्टर, बेस आणि एमिटर. दोन्ही एमिटर सेलच्या ऋण टोकास जोडावेत. धन टोकापासून ४७० ओहमचा रोधक, त्यापुढे एलईडीचा लांब पाय, आणि त्याचा आखूड पाय कलेक्टरला. असे दोन्ही बाजूंस करावे. धन टोकापासूनच १० हजार ओहमचा एकेक रोधक प्रत्येक बेसला न्यावा. आता राहिले कपॅसिटर, आणि सारी गंमत त्यांत आहे. पहिल्याचे धन टोक पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला आणि ऋण टोक दुसऱ्याच्या बेसला. दुसऱ्याचे धन टोक दुसऱ्याच्या कलेक्टरला आणि ऋण टोक पहिल्याच्या बेसला. म्हणजे फुगडी खेळताना हात जसे आडवे धरतात, तशी ही जोडणी होते. ऋण टोकाच्या बाजूस कपॅसिटरवर पट्टा छापलेला असतो. चारपेक्षा अधिक सेल लावू नयेत, ट्रान्झिस्टरला ते सोसत नाही. आणि घरातील विजेच्या प्लगला हा परिपथ चुकूनही जोडू नये.

हे चालते कसे? आमच्या मराठी डोक्यात जे उतरले ते असे. ट्रान्झिस्टर हा द्वारपाल समजावा. बेसवर सुमारे ०.७ व्होल्ट दाब आला की तो दार उघडतो, वीज वाहू लागते आणि त्याचा दिवा लागतो. पण पहिल्याने दार उघडताच मधला कपॅसिटर दुसऱ्याच्या बेसवरील दाब एकदम शून्याच्याही खाली ओढतो, आणि दुसऱ्याचे दार मिटते. ते मिटलेले राहते किती वेळ? येथे आम्हांला लग्नमंडपातले घटिकापात्र आठवले. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर ठेवावी, ती हळूहळू भरावी आणि २४ मिनिटांनी बुडावी, की एक घटका झाली. कपॅसिटर ही वाटी, आणि १० हजार ओहमचा रोधक हे छिद्र. छिद्र बारीक केले, म्हणजे रोधक वाढविला, तर वाटी सावकाश भरते. वाटी मोठी घेतली तरी तेच होते. वाटी भरली की दुसरा द्वारपाल जागा होतो, आणि जागा होताना पहिल्याला झोपवितो. मग पहिल्याच्या घटिकापात्रात पाणी शिरू लागते. सेल संपेपर्यंत हे चालू राहते. १० हजार ओहम आणि ४७ मायक्रोफॅरड यांचा गुणाकार ०.४७ सेकंद, त्याच्या साधारण साठ-सत्तर टक्के वेळ एक दिवा राहतो, म्हणजे सुमारे सेकंदाचा तिसरा हिस्सा. ४७ ऐवजी १०० मायक्रोफॅरड घेतले तर लय निम्म्यावर येते.

ही युक्ती मुळात पहिल्या महायुद्धाच्या काळातली. आंरी आब्राम आणि यूजेन ब्लॉक या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी ती काचेच्या निर्वात नळ्या वापरून सिद्ध केली. नळ्यांची जागा घेणारा ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मला, आणि डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली करून दाखविला. तीन वेगवेगळ्या काळांचे हे पाहुणे आमच्या पुठ्ठ्यावर एकत्र जमले होते. आज हेच काम करणारी, हान्स कामेन्झिंड यांनी रचलेली आणि १९७२ पासून बाजारात असलेली ‘५५५’ नावाची आठ पायांची चकतीही मिळते. पण तीत सारे आत दडलेले. मुलांना उघड दिसणारे हवे, म्हणून आम्ही जुनाच मार्ग घेतला.

घरी रात्री जेवणे झाल्यावर आम्ही चष्मा पुसून जोडणी केली. डाग देताना बोट भाजले. सेल बसविले. एक दिवा लख्ख लागला, दुसरा मिणमिणला, आणि दोन्ही तसेच राहिले. उघडझाप नाही. सेल बदलले, कपॅसिटर तपासले, आकृती पुन्हा पाहिली. सौभाग्यवती भांडी आवरून येऊन पाहू लागल्या आणि म्हणाल्या, “काजवा कसला, अहो, ही तर समई झाली. लागली ती लागली.” आम्ही निमूट राहिलो.

दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठा वर्गात नेऊन मुलांपुढे ठेवला आणि सांगितले, “हा आम्ही केला. चालत नाही. का चालत नाही ते आम्हांला कळत नाही.” छत्तीस वर्षांपूर्वी आम्ही शाळेच्या नोकरीत शिरलो, त्यानंतर हे वाक्य वर्गात प्रथमच उच्चारीत होतो. आश्चर्य असे की आकाश कोसळले नाही. मुले बाकांवरून उठून टेबलाभोवती आली. पाऊण तास कोणी घंटेकडे पाहिले नाही. शेवटी एक कोरकू मुलगा, जो वर्षभरात वर्गात दहा वाक्ये बोलला नसेल, बोट ठेवून म्हणाला, “सर, जोडीचे बैल एकाच दिशेला तोंड करून जुंपतात. यातला एक मागे तोंड करून उभा आहे.”

खरेच होते. आमच्या साहित्यिक मनाला समतोल प्रिय. आकृती दोन्ही बाजूंनी आरशातल्यासारखी जुळावी, म्हणून आम्ही एका ट्रान्झिस्टरची सपाट बाजू इकडे आणि दुसऱ्याची तिकडे केली होती, पण पाय मात्र दोन्हींचे डावीकडूनच मोजले होते. परिणामी दुसऱ्याचा कलेक्टर आणि एमिटर यांची अदलाबदल झाली. यमक जुळले, अर्थ हरवला! डाग काढून तो ट्रान्झिस्टर फिरविला, सेल बसविले, आणि दिवे एकाआड एक लुकलुकू लागले. वर्गात जो गलका झाला त्याने शेजारच्या वर्गाचे शिक्षक धावत आले. शांत वर्गाविषयीचे आमचे मत त्या क्षणापासून बदलले.

त्यानंतरचे काम मुलांनीच केले. पहिला दिवा गाडीवर चार दिवसही टिकला नाही, कारण गाडीच्या हिसक्यांनी सेल सैल होत. डबीत कागदाची घट्ट घडी खोचून तो दोष घालविला. दव आत शिरे, म्हणून साऱ्या परिपथाला प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीत घालून तोंड मेणाने बंद केले. चाऱ्याने झाकला जाऊ नये, म्हणून बांबूची काठी गाडीच्या मागे बाहेर काढून तिच्या टोकाला तो सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधला. दिवा मागच्या बाजूसच हवा. एका हौशी गाडीवानाने शोभेसाठी पुढे लावला होता, त्याची समजूत मुलांनी घातली. एका वेळी एकच दिवा जळत असल्याने वीज फार लागत नाही, आठ-नऊ मिलिअँपिअर इतकीच. रोज संध्याकाळी दोन तास लावला तर आमच्याकडे सेलचा एक संच महिनाभराच्या आसपास पुरला. संक्रांतीपर्यंत असे अकरा दिवे तयार झाले.

लुकलुकताच दिवा का, स्थिर का नको, असेही एका मुलाने विचारले. आम्ही त्यांना संध्याकाळी मैदानावर नेले, एक स्थिर आणि एक लुकलुकता असे दोन दिवे दूर ठेवले आणि दुसरीकडे पाहावयास सांगितले. डोळ्याच्या कडेला प्रथम जाणवला तो लुकलुकता. आपली नजर स्थिरापेक्षा बदल लवकर टिपते. ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, झाडांवर चमकणारा काजवाही हेच जाणतो. त्याच्या पोटातील ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन तो थंड प्रकाश निघतो, आणि आपल्या जातीची विशिष्ट लय राखून तो जोडीदाराला कळवितो की मी येथे आहे. आमच्या बैलगाडीलाही रस्त्यावर तेवढेच सांगावयाचे होते: मी येथे आहे.

वाचकांनी यावरून असे समजू नये की, एका बाटलीतल्या दिव्याने रस्ता निर्धोक झाला. बेफाम वेगाला आणि पेंगुळलेल्या चालकाला हा दिवा थांबवू शकत नाही. तो एवढेच करतो की, पाहणाऱ्याला पाहण्यासाठी थोडा अधिक वेळ देतो. त्या मार्गशीर्षातल्या संध्याकाळी तेवढाच वेळ कमी पडला होता.

आणि त्या मुलीचे काय? तिच्या वडिलांचा पाय सांधला, पण दुसरा बैल अद्याप घेता आलेला नाही. गाडी अंगणात जू टेकून उभी आहे. मुलीने केलेला दिवा मात्र घरात खुंटीला टांगलेला आहे. आम्ही मध्यंतरी गेलो होतो, तेव्हा तिने तो काढून दाखविला. दर आठ दिवसांनी ती सेल बसवून पाहते, चालतो ना याची खात्री करते, आणि पुन्हा सेल काढून ठेवते. गाडी निघेल त्या दिवशी तो तयार हवा म्हणून. तिच्या वडिलांनी आम्हांला विचारले, “गुरुजी, हे सारे तुम्ही शिकविले?” आम्ही मुलीकडे पाहिले आणि म्हणालो, “नाही. आम्हांलाही हिनेच शिकावयास लावले.”

हल्ली कोणताही पाठ हाती घेण्यापूर्वी आम्ही स्वतःला तिचा प्रश्न एकदा विचारून घेतो, तुम्ही केलाय? पुष्कळदा उत्तर नकारार्थी येते. तेव्हा आम्ही तसे वर्गाला सांगतो, आणि टेबलाभोवती जागा करून देतो.